मेहुण्यांचा माल परत जात नाही

बॅगांच्या कारखान्यात त्यांना तक्तेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या लांबूनही नाही. चेन, धागा, बकल, अस्तर, काहीही विकत घ्यायचं झालं की पुरवठादारांचे भाव मागवायचे, फूटपट्टीने रेघा मारून त्यांचा तक्ता करायचा, सर्वांत कमी भावाभोवती लाल गोल काढायचा आणि कागद वर सहीला पाठवायचा, हे त्यांचं काम. वय एक्कावन्न. चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. सतरा वर्षांत त्यांनी इतके लाल गोल काढले होते की घरी त्यांच्या हातात लाल पेन दिसलं तरी सासूबाई म्हणायच्या, "ठेव ते खाली, कुणाचा तरी नंबर लागायचा."

स्टोअरमध्ये येण्याआधीची नऊ वर्षं त्यांनी तपासणीच्या टेबलावर काढली होती. स्टोअर आणि शिलाई मशीन यांच्या मधोमध, खिडक्यांच्या ओळीखाली, पत्रा ठोकलेलं लांबलचक टेबल. दोन्ही बाजूंनी मिळून सात बायका. आलेली प्रत्येक चेन तीनदा उघडायची, तीनदा लावायची. सरकली तर पुढे मशीनवर, अडली तर निळ्या ट्रेमध्ये. निळा ट्रे संध्याकाळी स्टोअरला जायचा आणि तिथून पुरवठादाराला परत.

एक अपवाद होता. मेहुण्यांचा माल परत जात नसे.

मेहुणे म्हणजे कारखान्याच्या मालकांचे, मोठ्या साहेबांचे मेहुणे, त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ. चेनचा छोटा कारखाना होता त्यांचा. माणूस गोड. कारखान्यात आले की सगळ्यांच्या गुडघ्यांची, मुलांच्या परीक्षांची नावानिशी चौकशी करायचे. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा पहिलाच खोका टेबलाने परत पाठवायला काढला आणि त्याच दुपारी मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या बहीण, टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. 'आमच्या भावाचा खोका आला का?' एवढंच विचारलं त्यांनी. तेव्हाच्या मुकादमाने घाईघाईने दोरी सोडून खोका पुन्हा उघडला. त्या दिवसापासून कुणी न सांगता नियम पडला: मेहुण्यांची चेन अडली तर ती परत करायची नाही, दुरुस्त करायची. मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवायचा, चेनवर सरकणारा रनर पक्कडीत धरून किंचित दाबायचा, पुन्हा ओढून बघायची. टेबलावरची सगळ्यांत जुनी बाई, जिला सगळे पक्कडवाली म्हणत, ती नऊ सेकंदांत एक चेन उठवून उभी करायची. त्याचा तिला अभिमान होता आणि तो रास्त होता. नव्या मुलींना ती आधी मेहुण्यांच्याच चेन शिकायला द्यायची; त्या आल्या की जगातली कुठलीही चेन येते, म्हणायची.

आणि महिन्याच्या शेवटी तक्तेबाई स्वतःच्या स्वच्छ अक्षरात वहीत लिहायच्या: मेहुणे, परत शून्य.

आता धाकटे साहेब. मोठ्या साहेबांचा मुलगा, बाहेर शिकून आलेला, वाईट बिलकूल नव्हता. फक्त त्याला कागदावर नसलेलं दिसत नसे. त्याने तीन महिने वह्या वाचल्या आणि एका सोमवारी तक्तेबाईंना वर बोलावून शांतपणे सांगितलं की तपासणीचं टेबल महिनाअखेर बंद करायचं ठरतंय. वर्षाला पाच लाख चेन येतात, त्यातल्या परत जातात जेमतेम चारशे. चारशे चेनसाठी सात माणसं कुठला कारखाना पोसतो? तक्तेबाईंनी सांगून पाहिलं की टेबल आहे म्हणून बॅगा धड जातात. तो म्हणाला, "असेलही. पण मला आकड्यात दाखवा. एक तारखेला पुरवठादारांचं वर्षाचं ठरतंय, तोपर्यंत दाखवलंत तर मी ऐकेन."

एक तारखेला तीन आठवडे होते. जिना उतरताना तक्तेबाईंना टेबल वरून दिसलं, सात डोकी, चौदा हात. त्यांतल्या एकीचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला होता. एकीची मुलगी पुढच्या वर्षी नर्स होणार होती. पक्कडवालीला निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती आणि अडीच वर्षं आधी गेली तर हातात काय पडतं, हे तक्तेबाईंना तिच्यापेक्षा नीट माहीत होतं.

आकड्यात दाखवायचं म्हणजे जावेकडे जायला हवं होतं.

थोरली जाऊ त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. दोघी जावांचं भांडण कधीच झालं नव्हतं. भांडायला मुळात बोलावं लागतं. सव्वीस वर्षं जिन्यात भेटल्यावर 'काय म्हणताय' आणि 'चाललंय' यांपलीकडे प्रकरण गेलं नव्हतं. याचं श्रेय सासूबाईंचं. त्या सहा महिने वर आणि सहा महिने खाली राहायच्या आणि जिथे असतील तिथे दुसरीचं कौतुक करायच्या. वर म्हणायच्या, धाकटीचं घर बघ, आरशासारखं. खाली म्हणायच्या, थोरलीचा हुद्दा बघ, लोक उठून उभे राहतात. त्यामुळे दोघींनाही दुसरीचा फार त्रास वाटायचा.

तक्तेबाई तीन वर्षांच्या वह्या पिशवीत घालून वर गेल्या. थोरल्यांनी दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आईंना काही झालं का?"

"नाही हो वहिनी. त्या खाली तुमचं कौतुक करतायत. मला तुमच्याकडे काम आहे."

थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं, वह्या चाळल्या आणि मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. त्यांनी कोऱ्या कागदावर उभी रेघ मारली. एका बाजूला आपण पुरवठादाराला काय देतो: भाव, वाट बघण्याचे दिवस. दुसऱ्या बाजूला तो आपल्याला काय देतो: चांगल्या चेन, न परतणारा माल.

"तू लाल गोल काढतेस तो फक्त भावाला," त्या म्हणाल्या. "म्हणजे चेनच्या नऊ पुरवठादारांना एकच फूटपट्टी. ही कार्यक्षमता मोजायची पद्धत वेगळी आहे. यात प्रत्येकाला म्हणायचं, बाबा, तुझं जे बरं आहे त्याला हवा तितका भार घे. ज्यात कच्चा आहेस ते जवळजवळ सोडून दे. तुझं माप तूच ठरव. फक्त एक अट. तेच माप बाकीच्या आठांनाही लागणार. एवढं करूनही कुणी तुझ्यापुढे गेला, तर मग तुला बोलायला जागा नाही."

तक्तेबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"म्हणजे आईंनी उलटं केलं," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या मापानं मोजलं आणि तुम्हाला माझ्या."

थोरल्यांनी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि हसता हसता थोरल्यांचे डोळे भरले. त्यांनी ते चष्मा पुसण्यावर भागवलं. त्या दिवशी चहा दोनदा झाला. खाली गेल्यावर सासूबाईंनी उशिराचं कारण विचारलं, ते तक्तेबाईंनी सरळ सांगून टाकलं. म्हातारीने जरा विचार केला आणि म्हणाली, "दोघीही सुधारलात की नाही त्यानं?"

चार दिवसांनी थोरल्यांनी कॉलेजातून हिशोब करून आणला. नऊ पुरवठादार, शंभरपैकी गुण. आणि पहिल्या ओळीत, पैकीच्या पैकी: मेहुणे.

तक्तेबाईंना वाटलं आकडे खालीवर झाले. थोरल्या म्हणाल्या, काही चुकलेलं नाही. मेहुण्यांनी आपलं माप निवडलं, परतीचं. त्यांचा परत माल शून्य आहे आणि शून्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही, मग त्यांना हरवणार कोण? उलट ज्याच्या चेनला टेबलावरच्या बायका मनापासून नावाजायच्या तो पुरवठादार सातवा आला होता. त्याचं कारखान्यातलं नाव उशिरे. त्याचा माल कायम दोन दिवस उशिरा यायचा, एक नाही आणि तीन नाही. शिवाय भावाने महाग. चेन लोण्यासारखी, पण तो कुणाचा मेहुणा नसल्याने रंगात तसूभर फरक दिसला तरी त्याचा माल परत जायचा.

"हे घेऊन वर गेलीस," थोरल्या म्हणाल्या, "तर टेबल बंद होईल आणि मेहुण्यांना दुप्पट काम मिळेल. शास्त्रशुद्ध."

"शून्य खोटं आहे, वहिनी."

"कुणी लिहिलंय?"

तक्तेबाईंनी वहीत पाहिलं. अक्षर समोरच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि जे झालं ते सगळं सांगितलं, टेबल बंद होण्याच्या बेतासकट. अडलेल्या प्रत्येक चेनची नोंद ठेवायची, प्रत्येक खोक्याला किती वेळ लागला ते लिहायचं, एवढं करा म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं बायका लगेच कामाला लागतील. तसं झालं नाही. एकजण म्हणाली, अकरा वर्षं गप्प बसलो हे आपणच लिहून द्यायचं होय? दुसरी म्हणाली, साहेब विचारतील, परत का नाही पाठवलं, तर कुणाचं नाव सांगायचं? पण खरा प्रश्न सगळ्यांत धाकट्या बाईने विचारला, तोही डब्याचं झाकण लावता लावता. समजा पटलं साहेबांना, आणि सगळा माल उशिऱ्यांकडून चांगलाच यायला लागला. मग दुरुस्त करायला काय उरलं? आपण तरीही घरीच ना?

हे तक्तेबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पक्कडवाली आता म्हणाली, "माझ्या हातात तू खोट काढतेयस."

"तुझा हात चांगला आहे म्हणून तर त्याचा माल चांगला दिसतो," तक्तेबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं त्याचे गुण तू मिळवतेयस आणि नाव त्याचं लागतंय. तुझं कुठे लिहिलंय सांग."

पक्कडवाली उठून हात धुवायला गेली. परत आली ती ओले हात पदराला पुसत. म्हणाली, लिहायचं काम आम्हाला सांगू नकोस, हात चिकट असतात. दुसरं काहीतरी काढ.

मग बरण्यांची युक्ती निघाली. नऊ पुरवठादार, नऊ रिकाम्या काचेच्या बरण्या. तीन बरण्या थोरल्यांनी वरून दिल्या, त्यांतल्या एकीला अजून लोणच्याचा वास होता. चेन अडली की त्या पुरवठादाराच्या बरणीत एक रिव्हेट, बॅगेला ठोकतात ती लहानशी खिळी, टाकायचा. खोका उघडला की झाकणावर खडूने वेळ, संपला की पुन्हा वेळ. पहिल्या दिवशी बायका विसरायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांना चटक लागली. मेहुण्यांच्या बरणीत रिव्हेट पडला की टणकन आवाज व्हायचा आणि कुणीतरी म्हणायचं, आले पाहुणे. दोन आठवड्यांत ती बरणी चार वेळा भरली, मोजली, रिकामी केली. अकराशे सेहेचाळीस. उशिऱ्यांच्या बरणीच्या तळाशी नऊ रिव्हेट होते. एका बाईला ते बघवेना; ती म्हणाली, बिचाऱ्याची बरणी अगदीच ओकीबोकी दिसते, दोन टाकू का? पक्कडवालीने तिच्या हातावर चापट मारली.

त्या दोन आठवड्यांत तक्तेबाईंनी आणखी एक गोष्ट केली. धाकट्या बाईचा प्रश्न त्यांना जेवू देत नव्हता. त्या गोदामाच्या मागच्या खोलीत गेल्या, जिथे दुकानांनी परत पाठवलेल्या बॅगा पोत्यांत भरून पडलेल्या असायच्या, आणि तीन दिवस नाकाला रुमाल बांधून प्रत्येक बॅग उघडून पाहिली. का परत आली ते लिहून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा केस पांढरे झाले होते, धुळीने. पण चेहरा असा होता की स्टोअरच्या हमालाने विचारलं, काही सापडलं का बाई, सोनंबिनं?

एक तारखेला सकाळी अकरा वाजता वरच्या खोलीत सगळे बसले. मोठे साहेब, मोठ्या बाई, धाकटे साहेब. मेहुणेही आले होते. दरवर्षी यायचे, वर्षाचं काम घेऊन जायचे. त्यांनी तक्तेबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. तक्तेबाई म्हणाल्या, "बरे आहेत," आणि पक्कडवालीला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. टेबलावरची बाई त्या खोलीत खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ. ती खुर्चीच्या कडेला इतकी टेकली होती की बसली म्हणण्यापेक्षा खुर्ची धरून उभी होती म्हणणं बरं.

तक्तेबाईंनी तक्ता मांडला. लाल गोल नव्हता. त्यांनी पद्धत सांगितली, थोरल्यांच्या शब्दांत नाही, आपल्या. मग मेहुण्यांकडे वळल्या.

"तुम्हीच माप निवडा, भाऊसाहेब. तुम्हाला सोयीचं."

मेहुणे हसले. म्हणाले, भाव. तक्तेबाईंनी भाव लावला. दोघे त्यांच्या पुढे होते. मग ते म्हणाले, वेळेवर येणं. त्यातही एक पुढे. मग दोन्ही थोडं थोडं, मग भाव जास्त आणि वेळ कमी. तक्तेबाई न कंटाळता प्रत्येक वेळी बोट ठेवून दाखवत होत्या. धाकटे साहेब पुढे सरकून बसले होते. अशी गंमत त्यांनी शिकतानाही पाहिली नव्हती. शेवटी मेहुणे मागे रेलले आणि त्यांनी आपलं हुकमी पान टाकलं. "ते सगळं राहू द्या. अकरा वर्षांत माझी एक चेन परत आली? एक?"

"एकही नाही," तक्तेबाई म्हणाल्या. "मीच लिहिलंय तसं. अकरा वर्षं खोटं लिहिलं, ती चूक माझी, आधी सांगते." आणि त्यांनी पक्कडवालीकडे पाहिलं.

पक्कडवालीने पिशवीतून मेहुण्यांच्या खोक्यातली एक नवी चेन काढली आणि धाकट्या साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ओढली. मध्यावर अडली. जोर लावला, आणखी अडली. तिने ती हातातून काढून घेतली, मेण, पक्कड, एक झटका, आणि परत दिली. चेन सर्रकन गेली.

"अशा दोन आठवड्यांत अकराशे सेहेचाळीस," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला असावा, कारण पुढचं तिने हळू सांगितलं. "परत पाठवायची नाही म्हणून आम्ही नीट करतो. मेहुण्यांचा माल परत जात नाही."

"कोण म्हणालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

तक्तेबाईंनी अकरा वर्षांपूर्वीची दुपार सांगितली, जशी होती तशी, कमी नाही आणि जास्त नाही. मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, मी फक्त खोका आला का विचारलं होतं, परत पाठवू नका असं मी कधी म्हणाले? त्या खरं सांगत होत्या की नाही हे त्यांनाच माहीत. पण हे वाक्य त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या होत्या आणि आता ते मागे घेता येत नव्हतं. तक्तेबाईंनी लगेच मान डोलावली. "नाहीच म्हणालात, बाई. आम्हीच समजून घेतलं."

मग टेबलाचे तास धरून केलेला नवा हिशोब पुढे आला. मेहुणे, शंभरात अठ्ठावन्न. म्हणजे ते जेवढं देतात तेवढंच दुसऱ्यांकडून मिळवायला आपण त्यांच्यावर घालवतो त्याच्या अठ्ठावन्न टक्केच खर्च आणि वेळ पुरेल. उशिरे, शंभर. मोठे साहेब पहिल्यांदाच बोलले: तो दोन दिवस उशीर करतो, त्याचं काय? तक्तेबाई म्हणाल्या, दरवेळी दोनच दिवस करतो, साहेब. आपण ऑर्डर दोन दिवस आधी देऊ.

धाकटे साहेब मात्र हुशार होते. त्यांनी कागद खाली ठेवला आणि नेमका तोच प्रश्न विचारला. उशिऱ्यांचा माल घेतला तर दुरुस्तीच संपली. मग टेबल ठेवायचं कशाला?

पक्कडवालीचे हात मांडीवर घट्ट मिटले.

"टेबलालाही त्याचं माप निवडू द्या," तक्तेबाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला किती चेन परत गेल्या त्यावर मोजताय. मी गोदामातल्या परत आलेल्या बॅगा मोजल्या, वर्षभराच्या. चेन बिघडली म्हणून परत आलेल्या किती? बारा. बकल तुटलं, हँडल सुटलं, अस्तर फाटलं म्हणून आलेल्या सहाशे चाळीस. चेन टेबलावरून जाते. बकल, हँडल, अस्तर जात नाही, सरळ मशीनवर जातं. मेहुण्यांच्या चेनमागे हे टेबल आठवड्याला तासन् तास घालवतं. तेच हात बकलवर द्या. आणि अडलेला माल परत करायचा अधिकार टेबलाला द्या, कुणाचाही असो. मग पुढच्या वर्षी मला विचारा टेबल कशाला."

धाकट्या साहेबांनी बाराचा आणि सहाशे चाळीसचा आकडा शेजारी शेजारी लिहिला. खाली रेघ मारली. मग ते वडिलांकडे वळले आणि म्हणाले, "मी चुकीच्या आकड्यावरून टेबल बंद करत होतो. खरं म्हणजे ते बंद करायलाच नको." मोठे साहेब म्हणाले, मग खरेदीचं सगळं बाईंकडेच द्या, इतकी वर्षं नुसते गोल काढायला लावले आपण. हे ते असं म्हणाले की जणू गोल काढायला दुसऱ्याच कुणी लावलं होतं.

त्या दुपारी तक्तेबाई आणि पक्कडवाली जिना उतरून आल्या तेव्हा पाच बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांत धाकटी बसलेली. पक्कडवालीने बकलचा एक खोका ओढून टेबलाच्या मधोमध आपटला आणि म्हणाली, हे आता आपलं. टेबलावर असा गलका उठला की शिलाईची मशीन थांबली. कुणीतरी बरण्या वाजवायला लागलं. वरून मोठ्या साहेबांनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि डोकं आत घेतलं.

संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात थोरल्या वाट बघतच होत्या. तक्तेबाईंनी चार पायऱ्या खालूनच बोटांनी शंभर दाखवलं. थोरल्या भर जिन्यात, वरच्या-खालच्या बिऱ्हाडांदेखत, त्यांच्या गळ्यात पडल्या. सासूबाई दारातून म्हणाल्या की दोघींना असं बघून भीती वाटते, आता मी केलेलं कौतुक कोण ऐकून घेणार.

मेहुण्यांना त्या वर्षी काम मिळालं नाही. सगळ्यांना वाटलं, आता त्यांचं तोंड दिसत नाही. पण आठव्या दिवशी ते आले, वर गेलेच नाहीत, थेट टेबलाशी येऊन उभे राहिले. कुणाच्या गुडघ्यांची चौकशी केली नाही. म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं. अकरा वर्षं मला कुणी सांगितलं नाही. मी सगळीकडे सांगत फिरलो की माझा माल एकदाही परत येत नाही." मग विचारलं, माझ्या कारखान्यात येऊन काय चुकतंय ते दाखवाल का?

बायकांनी तक्तेबाईंकडे पाहिलं. तक्तेबाईंनी धाकट्या साहेबांना विचारलं, परवानगी घेतली, आणि पक्कडवाली व सगळ्यांत धाकटी अशा दोघी दोन दिवस मेहुण्यांच्या गाडीतून गेल्या, मागच्या सीटवर, खिडक्या उघड्या ठेवून. परत आल्यावर पक्कडवालीने एका वाक्यात निकाल सांगितला. रनरचा साचा झिजलाय, आणि दात बसवणाऱ्या मशीनला कुणी तेल दाखवलेलं नाही. मशीन चालवणाऱ्याला तिने स्वतः समोर उभं करून शिकवलं. तिथल्या मुकादमाने तिला 'मॅडम' म्हटलं, हे मात्र तिने त्या आठवड्यात सहा वेळा सांगितलं.

दीड महिन्याने मेहुण्यांचा नमुन्याचा खोका आला. बाकीचं काम बाजूला ठेवून सातही जणी भोवती जमल्या. तक्तेबाई स्टोअरमधून आल्या, धाकटे साहेबही उगाचच त्याच बाजूला काहीतरी काम काढून उभे राहिले. पक्कडवालीने पहिली चेन काढली, तीनदा उघडली, तीनदा लावली. दुसरी. दहावी. चाळीसावी. तिचा चेहरा हळूहळू पडत चालला होता, अकरा वर्षांचं कसब कुणीतरी हातातून काढून घ्यावं तसा, आणि त्याच वेळी ओठांच्या कोपऱ्यातून हसूही फुटत होतं.

"चालल्या मेल्या," ती शेवटी म्हणाली, आणि खोका पुढे मशीनकडे ढकलला.